फलकावरील एक ओळ

भिलाई आणि रायपूर यांच्यामधून खारून नदी वाहते. पोलादनगरीतील एखाद्या सेक्टरमधून पहाटे निघालेली मोटार पॉवर हाऊस, भिलाई-३, चरोदा आणि कुम्हारी मागे टाकीत जी. ई. मार्गाने ही नदी ओलांडते, टाटीबंध चौकात रायपूर शहराला लागते आणि शहराला वळसा घालून माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावर पोहोचते. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तासाभराचा प्रवास. मालमोटारींची रांग लागली तर वेळेचा भरवसा उरत नाही.

म्हणूनच भिलाईतील घरात विमानप्रवासाचा दिवस एकाच प्रश्नाने उजाडतो : विमान वेळेवर आहे ना? कोणी मुंबईच्या रुग्णालयात तपासणीसाठी निघालेले असते, कोणी मुलाकडे, कोणी मुलाखतीला. भिलाईजवळ नंदिनी येथे धावपट्टी आहे, परंतु तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे पहाटे चारला निघायचे की पाचला, हे ठरते भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या एका ओळीवरून. विमानाचा क्रमांक, शहराचे नाव, वेळ आणि शेवटी एक शब्द : ‘वेळेवर’. टर्मिनलमधील फलकावरही हीच ओळ झळकत असते.

ही ओळ कोण लिहितो? विमानतळ लिहितो, असे सहज वाटते. प्रत्यक्षात त्या ओळीतील फारच थोडी अक्षरे विमानतळाच्या मालकीची असतात. उरलेली बाहेरून येतात. वेगवेगळ्या संस्थांकडून, वेगवेगळ्या भाषेत आणि वेगवेगळ्या वेळी. ती गोळा करणे, तपासणे, जुळविणे आणि मगच फलकावर मांडणे, हे आधुनिक विमानतळाच्या संगणकप्रणालीचे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत अदृश्य काम होय.

साक्षीदार अनेक

विमानतळाच्या संगणकीय व्यवस्थेच्या केंद्रस्थानी एक मध्यवर्ती माहितीकोश असतो. बँकेत ज्याप्रमाणे सर्व शाखांचे व्यवहार एका मध्यवर्ती खतावणीत येऊन मिळतात, त्याप्रमाणे येण्या-जाणाऱ्या प्रत्येक विमानाचे एक ‘खाते’ या कोशात उघडलेले असते. फलक, उद्घोषणा, सामानाचे पट्टे, विमान उभे करण्याच्या जागांचे वाटप आणि विमान कंपन्यांना द्यावयाची देयके ही सर्व कामे या एका खात्यावर चालतात.

या खात्यात पहिली नोंद होते ती वेळापत्रकाची. विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात : मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. ही माहिती कंपन्यांकडून ठरावीक साच्यात येते. उड्डाणाच्या दिवशी प्रत्येक फेरीची उड्डाण-योजना हवाई वाहतूक नियंत्रणाकडे दाखल होते. त्यात विमानाचा प्रकार, मार्ग, उंची आणि अपेक्षित वेळ असते.

मुंबईच्या धक्क्यावरून विमानाची चाके हलली की त्या क्षणाची नोंद कंपनीकडून संदेशरूपाने पुढे धाडली जाते. चाके जमीन सोडतात तेव्हा दुसरी नोंद. या दोन वेळांवरून रायपूरला उतरण्याचा नवा अंदाज बांधता येतो. असे संदेश वाहून नेणारे जाळे ११ विमान कंपन्यांनी एकत्र येऊन १९४९ साली उभारण्यास प्रारंभ केला. ‘सीटा’ या नावाने ती संस्था आजही कार्यरत आहे.

हवामानाची साक्ष निराळीच. भारतीय हवामानशास्त्र विभागाकडून विमानतळावरील वारा, दृश्यता, तापमान, ढगांची उंची आणि हवेचा दाब यांची निरीक्षणे साधारणपणे दर अर्ध्या तासाने सांकेतिक भाषेत प्रसृत होतात. परिस्थिती झपाट्याने बदलली तर मधल्या काळातही. छत्तीसगडच्या मैदानात हिवाळ्यातील एखाद्या पहाटे धुके उतरले की या सांकेतिक ओळीतील एकच आकडा घसरतो आणि त्यावरून विमान घिरट्या घालणार की दुसऱ्या शहराकडे वळणार, हे ठरते.

याखेरीज प्रवाशांच्या याद्या आणि प्रत्येक सामानाच्या चिठ्ठीवरील १० आकडी क्रमांक हेही बाहेरून येतात. त्या क्रमांकातील तीन आकडे विमान कंपनीचे, शेवटचे सहा त्या पेटीचे. जून २०१८ पासून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमानुसार सामान स्वीकारताना, विमानात चढविताना, दुसऱ्या विमानाकडे सोपविताना आणि प्रवाशाला परत देताना अशा चार टप्प्यांवर त्याचा माग ठेवणे सदस्य कंपन्यांना बंधनकारक आहे.

जुळवणीचे गणित

साक्षीदार अनेक असले की साक्षीत फरक पडणारच. त्यामुळे माहिती मिळविण्यापेक्षा ती जुळविण्यात या शास्त्राची खरी कसोटी लागते. बँकेत रोज सायंकाळी ताळमेळ घालणाऱ्या कर्मचाऱ्याला हे निराळे सांगावे लागणार नाही.

पहिला प्रश्न ओळखीचा. दोन ठिकाणांहून आलेल्या दोन नोंदी एकाच विमानाच्या आहेत, हे संगणकाने कशावरून ओळखावे? त्यासाठी कंपनीचा संकेत, फेरीचा क्रमांक आणि दिनांक यांची सांगड घालतात. परंतु येथेच एक गाठ बसते. हवाई वाहतूक नियंत्रणाचे घड्याळ जगभर एकच असते. ते भारतीय प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे चालते. मुंबईहून पहाटे ५ वाजता सुटणारे विमान त्या घड्याळात आदल्या दिवशी रात्री ११.३० वाजता सुटते. प्रवाशाच्या तिकिटावर मंगळवार आणि उड्डाण-योजनेत सोमवार! हा फरक प्रणालीने जाणीवपूर्वक सोडविला नाही, तर एकाच विमानाची दोन खाती उघडतात किंवा आजच्या विमानाच्या खात्यावर कालचा विलंब जमा होतो.

दुसरी गाठ नावांची. विमान कंपन्या आणि तिकिटे यांच्या जगात रायपूर ‘आरपीआर’ या तीन अक्षरांनी ओळखले जाते; हवाई नियंत्रणाच्या जगात त्याच विमानतळाला चार अक्षरांचा वेगळा संकेत आहे. भागीदार कंपन्यांच्या करारामुळे एकच विमान दोन-तीन क्रमांकांनी विकले जाते. आकाशात यंत्र एक, फलकावर ओळी तीन. हे सर्व नातेसंबंध कोष्टकांत मांडून ठेवावे लागतात आणि ती कोष्टके सतत अद्ययावत ठेवावी लागतात.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. कंपनी म्हणते ९.१०, नियंत्रण मनोरा म्हणतो ९.२५, फलकाने कोणाचे ऐकावे? सुव्यवस्थित प्रणालीत याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. विमान प्रत्यक्ष केव्हा उतरले, याविषयी मनोऱ्याचा शब्द अंतिम. उड्डाण रद्द झाले की नाही, हे कंपनी सांगेल. सामान कोणत्या पट्ट्यावर येईल, हे विमानतळ ठरवील. ज्याचे काम त्याचीच साक्ष ग्राह्य, हे तत्त्व साधे असले तरी ते सर्व संबंधितांकडून मान्य करवून घेण्यास तंत्रज्ञानापेक्षा संवादाची अधिक गरज लागते.

जर्मनीतील म्युनिक विमानतळाने २००७ साली या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. कंपनी, विमानतळ, सामान हाताळणारे कर्मचारी आणि हवाई नियंत्रण या सर्वांनी एकाच माहितीवरून निर्णय घ्यावयाचा, अशी ती सहयोगी पद्धत. भारतात ती प्रथम मुंबईत रुजली. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांमुळे एका वेळी एकच धावपट्टी वापरता येणाऱ्या या विमानतळाने ८ डिसेंबर २०१८ रोजी २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा हाताळली. विमानाने धक्का केव्हा सोडावा, हे प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने ठरविले असते, तर धावपट्टीच्या तोंडाशी इंधन जाळीत उभ्या राहिलेल्या विमानांची केवढी रांग लागली असती!

मौन म्हणजे संमती नव्हे

भिलाईच्या प्रवाशाच्या दृष्टीने या साऱ्यातील सर्वांत महत्त्वाची बाब मात्र आणखी वेगळी आहे. वेळापत्रकातील वेळ कोशात आधीपासून असते. ती बदलण्यासाठी कोणी तरी नवा संदेश पाठवावा लागतो. तो संदेशच आला नाही तर? साध्या रचनेच्या प्रणालीत जुनी वेळ तशीच राहते आणि फलक शांतपणे ‘वेळेवर’ असे दाखवीत राहतो.

याचा अर्थ, ‘वेळेवर’ या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. एक : विमान ठरल्या वेळी येत असल्याची खात्री झाली आहे. दुसरा : वेगळे काही अद्याप कोणी कळविलेले नाही. पहिला अर्थ माहितीचा, दुसरा माहितीच्या अभावाचा. फलकावर दोन्ही सारखेच दिसतात. पासबुकात नोंद नाही म्हणून धनादेश वटला नाही असे जसे म्हणता येत नाही, तसेच हे आहे.

चांगल्या प्रणालीत म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर तिचे वयही जपले जाते : ही नोंद कोणाकडून आली आणि केव्हा आली. विमान मुंबईहून सुटण्याची वेळ उलटून वीस मिनिटे झाली, तरी सुटल्याचा संदेश नाही, असे आढळताच प्रणालीने कर्मचाऱ्याला सावध करावे, अशी योजना करता येते. अनुभवी प्रवासीही हीच युक्ती वापरतो. रायपूरच्या विमानाची चौकशी करताना तो त्या विमानाच्या आधीच्या फेरीची चौकशी करतो. जे विमान सकाळी मुंबईहून निघालेच नाही, ते रायपूरहून वेळेवर सुटणार कसे?

एक उड्डाण-योजना आणि सात लाख प्रवासी

भिलाई इस्पात संयंत्राची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक हा कच्चा माल बाहेरून येतो आणि त्याची प्रत तपासल्यावाचून तो भट्टीत टाकला जात नाही, हे या नगरीतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बाहेरून येणाऱ्या माहितीलाही हाच नियम लागू आहे. मात्र तपासणीत निकामी ठरलेला माल बाजूला काढून भट्टी चालू ठेवायची असते. एका खराब ढेकळासाठी सारा कारखाना बंद करावयाचा नसतो.

ब्रिटनमध्ये २८ ऑगस्ट २०२३ रोजी नेमके हेच विपरीत घडले. अमेरिकेतील लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाची उड्डाण-योजना तेथील हवाई नियंत्रणाच्या संगणकाकडे आली. योजना नियमांना धरून होती. परंतु तिच्या मार्गात एकाच संकेतनामाची दोन ठिकाणे होती : एक फ्रान्समधील दोव्हील, दुसरे अमेरिकेतील डेव्हिल्स लेक. दोहोंमध्ये सुमारे ४,००० सागरी मैलांचे अंतर. मार्गाचा अर्थ लावताना संगणक गोंधळला आणि चुकीची माहिती नियंत्रकांपर्यंत जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच काम थांबविले. पर्यायी संगणकाने जागा घेतली. पण त्याच्या अंगीही तीच आज्ञावली असल्याने तोही त्याच योजनेपाशी थांबला. त्यानंतर योजना हाताने भराव्या लागल्या. सात लाखांहून अधिक प्रवाशांना या घटनेची झळ पोहोचली. संशयास्पद नोंद बाजूला ठेवून बाकीचे काम पुढे नेण्याची सोय त्या आज्ञावलीत असती, तर एका उड्डाणापुरताच प्रश्न उरला असता.

भारतालाही असे अनुभव आले आहेत. १९ जुलै २०२४ रोजी एका संगणक-सुरक्षा कंपनीने जगभर धाडलेल्या सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्या दिवशी देशातील अनेक विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्ली विमानतळावर उड्डाण-योजनांचे संदेश पुढे पोहोचविणारी स्वयंचलित यंत्रणा बिघडली. रडार चालू होते, धावपट्ट्या मोकळ्या होत्या, वैमानिक सज्ज होते. केवळ कागदाची जागा घेतलेले संदेश पोहोचत नव्हते. जादा कर्मचारी नेमून योजना हाताने पुढे पाठविण्यात आल्या, तरी ८०० हून अधिक उड्डाणांना विलंब झाला.

या प्रसंगांत प्रवाशांची गाडी रुळावर ठेवली ती हाताने काम करू शकणाऱ्या माणसांनी. यंत्रे जोडताना ही माणसे आणि त्यांचा सराव टिकवून ठेवणे, हा सुबुद्ध नियोजनाचा भाग आहे. वीज गेली तरी टोकन देऊन रोख मोजू शकणारा रोखपाल आजही शाखेचा आधार असतो, तो याच कारणाने.

प्रवाशाचे नाव हीही एक नोंदच

आतापर्यंतची माहिती विमानाची होती. अलीकडच्या काळात विमानतळाला आणखी एका बाह्य स्रोताची जोड मिळाली आहे. तो स्रोत म्हणजे स्वतः प्रवासी. ‘डिजियात्रा’ ही चेहऱ्यावरून ओळख पटविणारी योजना १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी येथे सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये रायपूरलाही आली. प्रवाशाने आधारच्या साहाय्याने आपली ओळख स्वतःच्या भ्रमणध्वनीवर सिद्ध करून ठेवावयाची आणि प्रवासापूर्वी बोर्डिंग पासासह ती विमानतळाकडे पाठवावयाची. माहिती प्रवाशाच्याच भ्रमणध्वनीत राहते आणि विमानतळाकडे गेलेली प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, अशी या योजनेची मांडणी आहे. योजना ऐच्छिक आहे. ओळखपत्र दाखवून आत जाण्याचा जुना मार्ग खुला आहे.

येथे मराठी घरांत एक हमखास अडचण उद्भवते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदांची रीत. तिकिटावर दोनच पदे, आधारवर तिन्ही, पारपत्रावर आडनाव आधी. शिवाय रोमन लिपीत दीर्घ स्वरासाठी कोणी एक अक्षर लिहितो, कोणी दोन. माणसाच्या नजरेला हे एकच नाव. यंत्राला ती दोन भिन्न माणसे. बँकेत ‘आपला ग्राहक ओळखा’ या प्रक्रियेत जी विसंगती आढळते, तीच येथे प्रवेशद्वारावर आडवी येते.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. माहिती जितक्या हातांतून जाते, तितक्या ठिकाणी ती सांभाळावी लागते. २०२१ साली ‘सीटा’च्या प्रवासी-सेवा प्रणालीवर झालेल्या सायबर हल्ल्यात एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती उघड झाली. त्यात नावे, जन्मतारखा, पारपत्रांचा तपशील आणि काही कार्डांची माहितीही होती. कार्डामागील गुप्त तीन आकडे मात्र त्या प्रणालीत साठविलेले नव्हते. घर प्रवाशाचे, कुलूप कंपनीचे आणि किल्ली तिसऱ्याच्या हाती, अशी ही स्थिती. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असून, माहिती कोणत्या हेतूने घेतली, हे नागरिकाला सांगण्याची जबाबदारी त्यांनी संस्थांवर टाकली आहे.

प्रवाशाच्या हाती असलेली खबरदारी थोडकी पण परिणामकारक आहे. तिकीट काढताना नाव आधारवरील नोंदीप्रमाणे लिहावे. तिकिटाशी स्वतःचाच चालू भ्रमणध्वनी क्रमांक जोडावा, म्हणजे विलंबाचा संदेश मध्यस्थाकडे न जाता थेट मिळेल. बोर्डिंग पासाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर प्रसृत करू नये. त्यावरील चौकोनी संकेतात नाव आणि आरक्षण क्रमांक वाचता येतो. ‘आपले उड्डाण रद्द झाले आहे, परताव्यासाठी येथे कळ दाबा’ असा संदेश आल्यास त्यातील दुव्यावर न जाता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः चौकशी करावी. परताव्यासाठी कोणालाही कार्डाचा गुप्त क्रमांक किंवा ओटीपी सांगण्याची गरज नसते.

पहाटेचा निर्णय

रायपूरच्या विमानतळाची नवी टर्मिनल इमारत ७ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झाली. काच आणि पोलाद यांची ती वास्तू डोळ्यांना दिसते. तिच्या आतून वाहणारे संदेश दिसत नाहीत. पण भिलाईतल्या घरात पहाटे चार वाजता दिवा लावायचा की नाही, हे तेच ठरवितात.

तपासणीची वेळ घेऊन मुंबईला निघालेल्या रुग्णाला फलकाकडून फार मोठी अपेक्षा नसते. जे ठाऊक आहे ते वेळेत सांगावे आणि जे ठाऊक नाही तेथे ‘वेळेवर’ असे लिहू नये, एवढेच त्याचे मागणे. खतावणीत खरी शिल्लक दाखविणाऱ्या बँकेवर ग्राहक विश्वासतो. फलकाचेही तसेच आहे. ‘माहितीची प्रतीक्षा आहे’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा फलक प्रवाशाला थोडा अस्वस्थ करील, परंतु खारूनच्या पुलाकडे निघण्यापूर्वी एक दूरध्वनी करून खात्री करून घेण्याची संधी तोच त्याला देईल.